भिंतीचे अनुमोदन

"कुलूप लावण्याआधी आत एकदा हाक मारावी, सूनबाई. आत कोणी नसतंच. पण मारावी."

हे वाक्य सासूबाईंनी तिला लग्न झाल्यापासून निदान शंभर वेळा ऐकवले होते. त्यांच्या लहानपणी घरातले मांजर म्हणे कपड्यांच्या पेटीत दोन दिवस अडकून पडले होते. मांजर वाचले, पण सासूबाईंचा कुलपावरचा विश्वास कायमचा उडाला.

खरे तर सुनेला काळजीचे वावडे नव्हते. पदवीधर बाई, पण गॅस बंद केला की नाही हे तीनदा बघायची. लेक गाढ झोपली की तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास चालू आहे ना, याची खात्री करायची. जगातल्या सगळ्या काळज्या तिने आपल्या पदरात घेतल्या होत्या. ही एक मात्र सासूबाईंची म्हणून सोडून दिली होती.

त्या रविवारी चर्चच्या आतल्या बोळात तिच्या कडेवर पावणेदोन वर्षांची ठमी होती, काखेत सभासदांची जाडजूड नोंदवही होती, खांद्यावर ठमीची पिशवी होती आणि मागे तीन सद्गृहस्थ हातात तीन कुलपे घेऊन उतावीळ झाले होते. सासूबाईंनी बोळाच्या टोकावरून खूण केली : हाक मार, हाक.

"आई, दप्तरखोलीत कोण असणार?" ती म्हणाली आणि बाजूला झाली.

खट. खट. खट. तीन कुलपे लागली.

आता एका दाराला तीन कुलपे का, हे सांगायला हवे. या चर्चची मंडळी जेमतेम शंभर माणसांची, पण तिच्यात पक्ष तीन. भांडण देवाबद्दल नव्हते. देवावर सगळ्यांचे एकमत होते. भांडण होते ते देवाच्या घरचा कारभार कोणी बघायचा याचे.

पहिला पक्ष मास्तरांचा. मंडळीने निवडलेले सहा वडील, म्हणजे सहा ज्येष्ठ कारभारी, यांनीच सगळे ठरवावे, असे त्यांचे म्हणणे. चाळीस वर्षे शाळा चालवलेला माणूस. "वर्ग कधी मुलांच्या मतावर चालतो का?" हा त्यांचा ठरलेला सवाल.

दुसरा पक्ष दातांच्या डॉक्टरांचा. "कुठला दात दुखतो हे ज्याचा दात त्यालाच कळतं," असे ते म्हणत. प्रत्येक सभासदाला प्रत्येक गोष्टीत मत हवे. मागे फुलदाण्या कुठे ठेवायच्या यावर त्यांनी मतदान मागितले होते. तेव्हापासून फुलदाण्या जमिनीवरच होत्या.

तिसरा पक्ष निवृत्त कप्तानांचा. उभा जन्म जहाजावर गेलेला. "बुडत्या जहाजावर हात वर करून मतं घेत नाहीत. वरून हुकूम आला पाहिजे!" वरून म्हणजे बिशपांकडून.

नोंदवह्या, नियमांचे पुस्तक आणि शिक्का ज्या खोलीत, त्या खोलीवर आपलाच ताबा हवा म्हणून तिघांनी एकेक कुलूप ठोकले. वर्षभराच्या भांडणानंतर तडजोड झाली ती एवढीच, की तिन्ही कुलपे राहतील आणि दार उघडायचे तर तिन्ही किल्ल्या लागतील. या व्यवस्थेला सगळे जण कौतुकाने 'ऐक्य' म्हणत.

आणि तिला सगळे म्हणत चिटणीसबाई. कारण सभेचे इतिवृत्त लिहायला कोणीच तयार नव्हते आणि चिटणीस निवडायच्या दिवशी ती ठमीला ताप आला म्हणून गैरहजर होती. मास्तरांनी तिला कामाचे स्वरूप समजावून सांगितले होते, "चिटणीसाला मत नसतं बरं का. फक्त पेन असतं."

तर त्या रविवारची सभा निकाली सभा होती. कारभार कोणाचा, हे एकदाचे ठरणार होते. सकाळच्या उपासनेत पाळकसाहेबांनी ऐक्यावर तब्बल सव्वा तास उपदेश केला होता. एकाहत्तर वर्षांचे पाळक. पत्नी गेल्यापासून चर्चमागच्या घरात एकटेच राहत. उपदेशाच्या शेवटी त्यांचा घसा इतका बसला की 'आमेन' नुसते ओठांवरून कळले. आणि आता सभा सुरू झाली, तर पाळकसाहेबांचा पत्ताच नाही. त्यांचा मोबाइल तेवढा व्यासपीठावर पडला होता.

"निषेध म्हणून आले नाहीत," मास्तर हळूच म्हणाले.

"निषेध तुमचाच असणार," डॉक्टर तितक्याच हळू म्हणाले.

"जहाजावर याला रजेशिवाय गैरहजेरी म्हणतात," कप्तान मात्र मोठ्याने म्हणाले.

चिटणीसबाईंनी लिहिले : 'पाळक अनुपस्थित.'  पाळकसाहेबांना साखरेचा विकार होता. बारा वाजता त्यांच्या पोटात काहीतरी गेलेच पाहिजे, हे तिला ठाऊक होते. तिने घड्याळ पाहिले. साडेअकरा.

या मंडळीची एक जुनी रीत होती. ठराव मांडला की अनुमोदन तोंडाने द्यायचे नाही; बाकावर तीनदा टकटक करायची. देवाच्या घरात आरडाओरडा नको म्हणून कोण्या शहाण्या पूर्वजाने ती पाडली होती. त्यात ऐक्याच्या वर्षात एक नवा नियम जोडला गेला : अनुमोदन स्वतःच्या पक्षाबाहेरून आले पाहिजे, आणि ते आले की ठराव मंजूर. असे कधी होणारच नाही, याची तिन्ही पक्षांना खात्री होती, म्हणूनच तो नियम तिघांनी आनंदाने मान्य केला होता. वर्षभरात एकही ठराव मंजूर झाला नव्हता.

मास्तर अध्यक्ष. त्यांनी लाकडी हातोडी आपटली आणि स्वतःच पहिला ठराव वाचला. "या मंडळीचा कारभार सहा वडिलांनी चालवावा. बाहेरून अनुमोदन?"

हा प्रश्न विचारून ते पुढचा कागद घ्यायला वाकलेसुद्धा. इतक्यात डावीकडच्या भिंतीकडून आवाज आला.

टक. टक. टक.

सभागृह गारठले. मास्तर वाकलेल्या अवस्थेतच थिजले. त्या भिंतीकडेला शेवटचा बाक होता, लेकुरवाळ्या बायकांचा. तिथे कुठल्याच पक्षाचे कोणी बसत नसे. आज तिथे फक्त सासूबाई होत्या. मांडीवर ठमी, हातात विणकाम.

"तुम्ही?" डॉक्टरांच्या तोंडून कसाबसा शब्द फुटला.

"काय मी?" सासूबाई म्हणाल्या. "मी टाके मोजतेय. बोलू नका मधे, चुकतात."

"अनुमोदन आलेलं आहे!" मास्तरांचा आवाज आनंदाने चिरकला. "चिटणीसबाई, लिहा. ठराव एक मंजूर!"

डॉक्टर पेटून उठले. आ वासलेली तोंडे बघण्याची त्यांना आयुष्यभराची सवय, पण आज स्वतःचेच मिटेना. "मग माझाही ठराव घ्या! कारभार सर्व सभासदांच्या मतानेच चालावा!"

टक. टक. टक.

या खेपेला तर फळ्यांचे आवरण असलेली ती भिंत थरथरल्यासारखी वाटली. शंभर माना सासूबाईंकडे वळल्या.

"अहो काकू, दोन्हीकडून कशा बोलता?" मास्तर कळवळले.

"मी एकीकडूनही बोललेले नाही! ही काय जबरदस्ती?"

"काकू, एकदा ठरवा काय ते!"

"ठरवलंय. लोकरीचा रंग निळा."

कप्तानांनी संधी साधली. खाडकन उभे राहून त्यांनी बिशपांच्या हुकमाचा ठराव मांडला. त्यांच्या पक्षात ते, त्यांची बायको आणि एक मेहुणा एवढेच. हरल्यावर करायचे बाणेदार भाषण त्यांच्या खिशात तयार होते. टक, टक, टक ऐकू आल्यावर त्यांचा हात खिशातच राहिला.

"मंजूर?" ते स्वतःलाच विचारल्यासारखे म्हणाले. "म्हणजे... आता काय करायचं असतं?"

एका तासाच्या आत मंडळीचा कारभार सहा जणांकडे, शंभर जणांकडे आणि एका जणाकडे सोपवला गेला होता. तिने तिन्ही ठराव एकाखाली एक लिहिले आणि ती त्यांच्याकडे आ वासून बघत बसली. एक ना धड, भाराभर चिंध्या! नियमाप्रमाणे तिन्ही खरे होते.

लोक उठून उभे राहिले. "फितुरी!" एक जण ओरडला. "आपल्यातच घरभेदी आहे!" दुसरा ओरडला. मेहुण्याने कप्तानांच्या बायकोकडे, म्हणजे स्वतःच्या सख्ख्या बहिणीकडे, संशयाने पाहिले. बारा वाजून पाच मिनिटे झाली होती.

"याचं मूळ एकच," कप्तान गरजले. "सभेला पाळक नाही! चौथा ठराव माझा : पाळकसाहेबांना आजपासून सेवेतून मोकळं करावं."

आणि नवल असे, की यावर तिन्ही पक्षांत कुजबुज झाली ती 'हो, हो' अशीच. दोष द्यायला कोणीतरी हवाच होता आणि गैरहजर माणसासारखे सोयीचे माणूस नाही.  ठमीच्या बाप्तिस्म्याला हातातले पाणी जास्त थंड नाही ना, हे आधी स्वतःच्या गालाला लावून बघणारा हा म्हातारा माणूस. तिला उठून सांगावेसे वाटले, थांबा, आधी ते आहेत कुठे ते तरी बघा! पण चिटणीसाला फक्त पेन असते. तिने नुसतेच भिंतीकडे पाहिले.

टक. टक. टक. टक. टक. टक!

सहा वेळा. धडाधड. अशा उत्साहाचे अनुमोदन या मंडळीच्या इतिहासात कोणी ऐकले नव्हते.

पण तिने या वेळी आवाज ऐकला नाही, पाहिला. सासूबाईंचा उजवा हात एका सुईवर होता, डावा दुसऱ्या सुईवर. बाकाला कोणाचाही हात लागलेला नव्हता. ठमी मात्र मांडीवरून उतरली होती आणि भिंतीच्या फळीला कान लावून उभी होती. तिने इवल्या मुठीने फळीवर मारले. टक. भिंतीने उत्तर दिले. टक. ठमी खदखदून हसली. टक टक. भिंत म्हणाली, टक टक.

त्या भिंतीपलीकडे दप्तरखोली होती.

 "आई," ती सासूबाईंकडे बघून जेमतेम म्हणाली, "मी हाक मारली नव्हती."

सासूबाईंच्या हातातला टाका पहिल्यांदाच सुटला. "अगं बाई," त्या म्हणाल्या. "मांजर!"

ठमीला उचलून ती बोळात धावली, तिच्यामागे सासूबाई, त्यांच्यामागे सबंध मंडळी. तीन कुलपांच्या दाराखालच्या फटीतून चिठ्ठ्या बाहेर आलेल्या होत्या. तिने ठमीला खाली ठेवले आणि एकेक उचलली. पाळकसाहेबांचे टपोरे अक्षर.

'कोणी आहे का?'

'मी पाळक. आत आहे. दार उघडं होतं तेव्हा येऊन कपाटामागे बसलो आणि डोळा लागला. घशातून आवाज निघत नाही.'

'ठराव क्रमांक एक, दोन, तीन यांना माझं अनुमोदन नाही. मी मदतीसाठी ठोठावतो आहे.'

चौथी चिठ्ठी ठमीने तोंडात घातली होती. "थू कर! थू!" तिने बोट घालून लगदा बाहेर काढला आणि न बघताच कुर्त्याच्या खिशात कोंबला. इतक्यात फटीतून पाचवी आली. 'साखर उतरल्यासारखी वाटते. हात कापतात.' अक्षर खरेच कापत होते.

"किल्ल्या!" ती ओरडली. आपण एवढ्या मोठ्याने ओरडू शकतो, हे तिला आजच कळत होते. "तिघांच्या किल्ल्या काढा!"

मास्तरांनी किल्ली काढली, पुढे केली आणि मागे घेतली. "पण ठराव दोनप्रमाणे अधिकार आता सर्व सभासदांचा आहे ना. मी एकट्याने कसं उघडू?"

"छे, छे," डॉक्टर दोन पावले मागे सरकले. "ठराव एकप्रमाणे वडिलांचा आहे. उद्या नियमभंग झाला तर माझ्या गळ्यात नको."

"दोघांचाही नाही," कप्तान घाम पुसत म्हणाले. "बिशपसाहेबांचा. मी फोन लावतोय. पण रविवारी ते कार्यालय बंद असतं."

 सकाळपासून कारभार ओरबाडून घ्यायला निघालेली ही माणसे आता तोच कारभार ताटातल्या नको असलेल्या भाजीसारखा एकमेकांकडे ढकलत होती!

"मतदान घेऊ या का?" मागून कोणीतरी विचारले.

"आधी बिस्किटं घेऊ या," सासूबाई कडाडल्या. "सूनबाई, पिशवी!"

ठमीच्या पिशवीत काय नसायचे? तिने पुडा फोडला आणि पातळ गोड बिस्किटे एकेक करून फटीतून आत सरकवली. आतून ओढल्याचा आवाज आला, मग चावल्याचा. ठमीने आपली बिस्किटे दाराखाली नाहीशी होताना पाहिली आणि जो टाहो फोडला, त्याला मात्र कोणाच्याही अनुमोदनाची गरज नव्हती.

फरशीवर गुडघे टेकून बिस्किटे सरकवताना तिची नजर दाराच्या दुसऱ्या कडेला गेली. काळजी करणाऱ्या बायांना एक सवय असते : घरातले प्रत्येक दार कुठून उघडते, मुलाचे बोट कुठे चेमटेल, हे त्या आधी बघून ठेवतात. दार बोळाकडे उघडणारे होते. म्हणजे बिजागऱ्या बाहेर. तीन कुलपे एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला तीन बिजागऱ्या, प्रत्येकीत एक उभा खिळा. वर्षभर तीन पक्ष कुलपांकडे बघत होते. बिजागरीकडे बघायला कोणी निवडूनच दिले नव्हते.

"आई, तुमची सुई द्या. पोलादी आहे ना?"

"घे. पण टाके..."

"टाके मी पुन्हा घालून देते!" मग ती मास्तरांकडे वळली आणि त्यांच्या हातातली हातोडी सरळ काढून घेतली.

"अहो चिटणीसबाई! ही फक्त अध्यक्षांनी..."

"लिहून घ्या तुम्ही," ती म्हणाली. "पेन तिथे ठेवलंय."

सुईचे टोक खिळ्याखाली, सुईच्या बुडावर खालून हातोडीचे घाव. पहिला खिळा उडाला. दुसरा उडाला. तिसरा गंजलेला होता. त्याच्यासाठी कप्तानांनी खांद्याने दार उचलून धरले, डॉक्टरांनी दात उपटायच्या सराईत हिसक्याने खिळा ओढला आणि मास्तरांनी "जपून, जपून" म्हटले. दार बिजागरीच्या अंगाने उघडले. तिन्ही कुलपे जागच्या जागी, शाबूत.

आत जुन्या गीतपुस्तकांच्या गठ्ठ्यावर पाळकसाहेब बसले होते. मिशीला बिस्किटाचा चुरा. चेहरा कागदासारखा.

मग जे झाले ते पाहून तिला पुन्हा धक्का बसला. तिन्ही पक्ष एकदम विरघळले. कोणी पाणी आणले, कोणी साखर आणली, मास्तर पुस्तकाने वारा घालू लागले. "पाळकसाहेब, चारही ठराव रद्द!" "रद्दच! तुम्हाला कोण मोकळं करतंय?" "मरेपर्यंत तुम्हीच आमचे पाळक!" पाळकसाहेबांनी काही सांगायला हात वर केला, ओठ हलवले, मान हलवली. आवाज काही निघाला नाही. "आशीर्वाद देतायत," डॉक्टर गहिवरून म्हणाले आणि सगळ्यांनी बाकांवर, भिंतीवर, दारावर, मिळेल तिथे तीनदा टकटक केली. वर्षातला पहिला एकमताचा ठराव.

दार पुन्हा बसवले गेले. बिजागऱ्यांवर कोणाचा ताबा राहील यावर उपसमिती नेमली गेली. पाळकसाहेबांना चौघांनी धरून घरी पोचवले. सगळे जेवायला गेले.

संध्याकाळी कपडे धुवायला टाकताना तिने सवयीने खिसे तपासले. कुर्त्याच्या खिशातून तो लगदा निघाला. ठमीच्या दातांच्या खुणा पडलेला, अर्धवट वाळलेला. तिने तो टेबलावर अलगद उलगडला. अक्षरे फुटली होती, पण वाचता येत होती.

'ठराव क्रमांक चारला मात्र माझं मनापासून अनुमोदन आहे. दोन वर्षं सांगतोय, मोकळं करा. थकलो आहे. कोणी ऐकत नाही.'

 ते सहा ठोके मदतीचे नव्हते. सबंध सभेतले खरे अनुमोदन तेवढे एकच होते, आणि तेच सगळ्यांनी मिळून, प्रेमाने, एकमताने रद्द केले होते.

"काय झालं गं?" सासूबाईंनी दारातून विचारले.

तिने चिठ्ठी दाखवली. सासूबाईंनी ती दोनदा वाचली. मग म्हणाल्या, "उद्या त्यांच्याकडे डबा मी नेते. परवा तू ने. आणि हे लिही कुठेतरी."

तिने इतिवृत्ताची वही उघडली. चिठ्ठी शेवटच्या पानावर चिकटवली. चिटणीसाला मत नसते, हे तिला पाठ होते. पण वाचणाऱ्याला विनंती करू नये, असा नियम नियमांच्या पुस्तकात कुठेच नव्हता. आणि ते पुस्तक तर तीन कुलपांच्या आत होते. तिने पेन उचलले आणि खाली लिहिले :

'हे इतिवृत्त जे कोणी वाचाल, त्यांना नम्र विनंती. पाळकसाहेब चर्चमागच्या घरात एकटे असतात. कारभार कोणाचा हे ठरेल तेव्हा ठरेल. तोवर जाता-येता त्यांचं दार वाजवत जा. दुपारी बाराच्या आधी गेलात तर बरं. बाहेरून हाक मारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. आतून नुसती टकटक ऐकू आली, तर कृपा करून ते अनुमोदन समजू नका.'